निवेदन दिले, पुढे काय? पूल, पथदिवे आणि गटारींसाठी सरकारी निधी मिळवण्याची वाट

पावसाळा तोंडावर आला की सीमाभागातल्या गावोगावी एकच धावपळ सुरू होते. गावातले आठ-दहा जण तहसीलदार कचेरीत नाहीतर जिल्हाधिकारी कार्यालयात जातात. साकव मोडकळीला आलाय, चढणीवरचे दिवे बंद आहेत, गटारीचे पाणी शाळेत शिरते, अशी तक्रार मांडतात. निवेदन दिले जाते, फोटो निघतो, दुसऱ्या दिवशी बातमी येते. साहेब म्हणतात, ‘बघू, लवकरच लक्ष घालतो.’ मग मृग येतो, ओढा भरतो आणि पुढच्या मे महिन्यात तेच लोक तेच निवेदन घेऊन पुन्हा त्याच दारात उभे असतात.

यात दर वेळी अधिकाऱ्याची टाळाटाळच असते असे नाही. खूपदा अडचण कागदाची असते. निवेदनात मागणी असते, पण काम कुठल्या खात्याचे, जागा कुणाची, खर्च किती आणि पैसे कुठल्या लेखाशीर्षातून, हे त्यात नसते. ही चार उत्तरे असलेल्या कागदाला प्रस्ताव म्हणतात, आणि मंजुरी मिळते ती प्रस्तावाला. निवेदनापासून प्रस्तावापर्यंत कसे पोहोचायचे, याची ही माहिती प्रामुख्याने बेळगाव जिल्ह्याच्या संदर्भात दिली आहे. शेवटी गोवा, महाराष्ट्र, मध्य प्रदेश, गुजरात आणि तेलंगणातल्या मराठी भाषकांसाठी तिथल्या व्यवस्थेतले फरकही दिले आहेत.

आधी मालक शोधा

रस्ता दिसायला एकच असतो, पण त्याचे मालक दर दोन किलोमीटरला बदलू शकतात. पुणे-बेंगळूर महामार्ग म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ४८. तो निपाणी, संकेश्वर, बेळगाव, कित्तूर असा जातो. बेळगावहून खानापूर, लोंढा, अनमोडमार्गे गोव्यात उतरणारा रस्ता राष्ट्रीय महामार्ग ७४८ आहे. या दोन्हींवरचा खड्डा, दुभाजक, सर्व्हिस रोड किंवा भुयारी मार्ग ही मागणी ग्रामपंचायतीकडे नेऊन उपयोग नाही. तिथे महामार्गाच्या यंत्रणेकडेच जावे लागते. राज्य महामार्ग आणि जिल्ह्याचे मुख्य रस्ते सार्वजनिक बांधकाम खात्याकडे असतात. गावाला जोडणारे बरेचसे रस्ते जिल्हा पंचायतीच्या अखत्यारीत येतात आणि त्यांचे काम पंचायत राज अभियांत्रिकी विभाग बघतो. गावातल्या गल्ल्या आणि गटारी ग्रामपंचायतीच्या.

बेळगाव शहरात हा गुंता आणखी वाढतो. एका चौकात महानगरपालिकेची हद्द संपते आणि कॅम्पात कॅन्टोन्मेंट बोर्डाची सुरू होते. ते बोर्ड संरक्षण मंत्रालयाखाली चालते. नव्या वसाहतींमध्ये ‘बुडा’ने ले-आउट पालिकेकडे सोपवला की नाही, हाच प्रश्न असतो. सोपवलेला नसेल तर पालिका म्हणते आमचे नाही, आणि बुडा म्हणते आमचे काम संपले. रेल्वे गेटवरच्या उड्डाणपुलासाठी रेल्वे आणि राज्य सरकार दोघांची संमती लागते, खर्चही सहसा निम्मा-निम्मा वाटला जातो. म्हणूनच अशा पुलाला वर्षे जातात.

तेव्हा पहिले काम म्हणजे त्या जागेचा मालक कोण, हे लेखी मिळवणे. पंचायत विकास अधिकारी, म्हणजे सगळे ज्यांना पीडीओ म्हणतात, त्यांच्याकडे पंचायतीच्या रस्त्यांची यादी असते. त्या यादीत रस्ता नसेल तर बांधकाम खात्याच्या उपविभागात विचारावे. तरीही उत्तर मिळाले नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज करावा. कर्नाटकात अर्जाची फी १० रुपये आहे. अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत असावा, असा राज्याचा नियम आहे. त्यामुळे एका अर्जात दहा प्रश्न घालू नयेत. ‘अमुक गाव ते तमुक गाव हा रस्ता कोणत्या खात्याच्या ताब्यात आहे आणि गेल्या पाच वर्षांत त्यावर किती खर्च झाला?’ एवढा एक प्रश्न पुरतो. उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत असते.

पैसा कुठे कुठे असतो

*ग्रामपंचायतीचा निधी.* ७३वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ रोजी लागू झाली आणि पंचायतींना घटनेत स्थान मिळाले. घटनेच्या अकराव्या परिशिष्टात पंचायतींसाठी २९ विषय दिले आहेत. रस्ते, मोऱ्या, पूल आणि पिण्याचे पाणी त्यात आहे. पंचायतींचा मोठा पैसा केंद्रीय वित्त आयोगाकडून येतो. १५व्या आयोगाच्या २०२१ ते २०२६ या काळात ग्रामीण संस्थांच्या निधीपैकी ६० टक्के बंधित होता. त्यातला निम्मा पिण्याच्या पाण्यासाठी आणि निम्मा स्वच्छतेसाठी. उरलेला ४० टक्के अबंधित, म्हणजे गावाने आपल्या गरजेप्रमाणे वापरायचा. फक्त पगार आणि आस्थापनेवर तो खर्च करता येत नव्हता. छोटी मोरी, संरक्षक कठडा, पथदिवे अशी कामे या अबंधित भागातून होऊ शकत होती. १६व्या आयोगाचा काळ १ एप्रिल २०२६ पासून पाच वर्षांचा आहे. जुन्या टक्केवारीवर आराखडा बेतण्याआधी चालू वर्षाची अट पीडीओंकडून लेखी विचारून घ्यावी.

इथे बेळगाव जिल्ह्याची एक खास अडचण सांगायला हवी. कर्नाटकात जिल्हा आणि तालुका पंचायतींच्या निवडणुका २०१६ मध्ये झाल्या आणि त्या सदस्यांची मुदत २०२१ मध्ये संपली. त्यानंतर वर्षानुवर्षे तिथे प्रशासकच कारभार पाहत राहिले. पूर्वी गावकरी आपल्या भागाच्या जिल्हा पंचायत सदस्याला गाठून साकवाचे काम आराखड्यात बसवून घ्यायचे. मधला तो माणूसच नसल्याने गाव थेट आमदाराच्या दारात जाते. अशा वेळी ग्रामसभेच्या ठरावाचे वजन आणखी वाढते, कारण लोकांची मागणी नोंदवणारा तोच एक कागद उरतो.

*आमदार आणि खासदार निधी.* कर्नाटकात आमदाराला स्थानिक विकास निधी म्हणून वर्षाला २ कोटी रुपये मिळतात. खासदार निधी योजना २३ डिसेंबर १९९३ रोजी सुरू झाली. २०११-१२ पासून ती रक्कम खासदारामागे वर्षाला ५ कोटी रुपये आहे. आकडा मोठा वाटतो, पण एका लोकसभा मतदारसंघात आठ विधानसभा मतदारसंघ आणि शेकडो गावे येतात. गावाच्या वाट्याला येणार ते किती?

या निधीबाबत दोन गैरसमज नेहमी दिसतात. एक म्हणजे पैसा खासदाराच्या खात्यात असतो. तसे नाही. खासदार फक्त शिफारस करतो, तर मंजुरी आणि अंमलबजावणी जिल्हा प्रशासन करते. म्हणून शिफारसपत्र मिळाले म्हणजे काम झाले, असे धरू नये. दुसरा गैरसमज असा की यातून काहीही बांधता येते. या निधीतून कायमस्वरूपी सार्वजनिक मालमत्ता उभी राहावी लागते. धार्मिक स्थळ, खासगी जागा आणि जमीन संपादन यांना तो चालत नाही. अनुसूचित जातींच्या वस्त्यांसाठी १५ टक्के आणि अनुसूचित जमातींच्या भागासाठी ७.५ टक्के रक्कम शिफारस करण्याची अट आहे. गावात अशी वस्ती असेल तर तिथल्या गटारीचा किंवा दिव्यांचा प्रस्ताव याच वाट्यातून मागावा. लोकसभेच्या खासदाराबरोबर राज्यसभेचे खासदारही असतात. ते निवडून आलेल्या राज्यात कुठेही काम सुचवू शकतात. हे दार सहसा कुणी ठोठावत नाही.

*खात्यांच्या आणि राज्याच्या योजना.* मोठा पूल आमदार निधीतून होत नाही. त्यासाठी बांधकाम खात्याच्या अंदाजपत्रकात तरतूद लागते, किंवा नाबार्डच्या ग्रामीण पायाभूत विकास निधीतून राज्य सरकार कर्ज घेते. हा निधी १९९५-९६ पासून चालू आहे. रस्ता नसलेल्या वस्त्यांसाठी २५ डिसेंबर २००० पासून प्रधानमंत्री ग्रामसडक योजना आहे. तिचा चौथा टप्पा २०११ च्या जनगणनेवर बेतलेला आहे. सपाट भागात ५०० लोकवस्तीची अट आहे, डोंगराळ राज्ये आणि विशेष वर्गात मोडणाऱ्या क्षेत्रांत ती २५० आहे. शाळेला जाणारी मुले ओढा ओलांडतात अशा ठिकाणी पादचारी पूल बांधण्यासाठी कर्नाटकाने ‘शाळा संपर्क सेतू’ ही योजना काढली. खानापूरच्या पश्चिम भागाला ती नेमकी लागू पडणारी आहे.

दोन राज्यांना जोडणारा रस्ता हा सीमाभागाचा जुना त्रास. चंदगडकडून येणारा रस्ता हद्दीपर्यंत गुळगुळीत आणि पुढे खड्ड्यांत, किंवा त्याच्या उलट. केंद्रीय रस्ते आणि पायाभूत सुविधा निधीत आंतरराज्य जोडरस्त्यांसाठी स्वतंत्र योजना आहे. तिचे प्रस्ताव राज्य सरकारमार्फत केंद्राकडे जातात. म्हणून हद्दीच्या दोन्ही बाजूंच्या पंचायतींनी एकाच रस्त्यासाठी एकाच महिन्यात ठराव करून आपापल्या राज्याकडे पाठवला, तर कामाची गरज दोन्हीकडच्या कागदावर येते.

*प्रादेशिक मंडळे.* बिदर, भालकी, औराद, बसवकल्याण इथल्या मराठी भाषकांकडे बेळगावकरांना नसलेले एक दार आहे. ९८व्या घटनादुरुस्तीने आलेल्या कलम ३७१ जे मुळे त्या भागासाठी कल्याण कर्नाटक प्रादेशिक विकास मंडळ आहे. बेळगाव जिल्हा त्यात येत नाही. मात्र सीमेवरच्या तालुक्यांसाठी २०१० च्या कायद्याने कर्नाटक सीमा प्रदेश विकास प्राधिकरण स्थापन झालेले आहे. गावचा प्रस्ताव त्याच्या यादीत बसतो का, हे विचारून पाहावे.

*आपत्ती निधी.* ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा, घटप्रभा, मलप्रभा या नद्यांना आलेला पूर जिल्हा विसरलेला नाही. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तेच झाले. अशा वेळी राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून मदत मिळते. आपल्याकडच्या राज्यांत त्यात केंद्राचा वाटा ७५ आणि राज्याचा २५ टक्के असतो. पण या निधीचा भर तातडीच्या मदतीवर आणि तात्पुरत्या दुरुस्तीवर आहे. वाहून गेलेल्या मोरीच्या जागी पाइप टाकून वाट सुरू करता येते, नवा उंच पूल मात्र यातून सहसा होत नाही. १५व्या वित्त आयोगाने यासाठी वेगळी सोय सुचवली. राज्याच्या एकूण आपत्ती निधीपैकी ८० टक्के प्रतिसादासाठी आणि २० टक्के आपत्ती टाळण्याच्या कामांसाठी, म्हणजे सौम्यीकरण निधीसाठी. दरवर्षी खचणारा काठ, गावात पाणी घुसवणारा नाला अशी कामे या दुसऱ्या निधीकडे मागायची. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानुसार जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. जिल्ह्याचा आपत्ती आराखडा तेच प्राधिकरण करते. गावचा धोका त्या आराखड्यात लिहिलेला आहे का, हे आधी तपासावे.

नोंद नसेल तर धोका ‘नाही’

सुरक्षिततेच्या कामांना निधी मिळतो तो नोंदींवर. महामार्गावरच्या धोकादायक ठिकाणाला ‘ब्लॅक स्पॉट’ म्हणतात, पण ते मनाने ठरत नाही. सुमारे ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे ५ अपघात, किंवा तीन वर्षांत १० मृत्यू, असा केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचा निकष आहे. आता गावाकडे काय होते? दुचाकी घसरते, पाय मोडतो, समोरचा माणूस ओळखीचाच निघतो. चार लोक बसून मिटवतात. ‘पोलीस केस कशाला?’ म्हणून फिर्याद होत नाही. अशा दहा घटना झाल्या तरी कागदावर तो रस्ता सुरक्षितच राहतो. पुढे गतिरोधक किंवा सिग्नल मागायला गेल्यावर अधिकारी विचारतो, ‘अपघात कुठे झालेत?’

खानापूरच्या जंगलपट्ट्यातही असेच आहे. भीमगड अभयारण्याच्या परिसरातल्या गवळी, कोंगळा, पास्तोली, आमगाव अशा गावांत पावसाळ्यात वाहन पोहोचत नाही. आजारी माणसाला डोलीत घालून पायवाटेने आणावे लागते. एखाद्या प्रसंगाचा व्हिडिओ फिरला की चार दिवस चर्चा होते, पण बाकीच्या खेपा कुठेच लिहिलेल्या नसतात.

यावर उपाय साधा आहे. ग्रामपंचायतीत किंवा शाळेत एक वही ठेवावी. ओढ्यावरची वाट कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत बंद होती, किती मुले शाळेला गेली नाहीत, कुठल्या दिवशी रुग्ण उचलून न्यावा लागला, १०८ ची गाडी कुठपर्यंत आली, हे त्यात लिहावे. मुख्याध्यापक, आशा कार्यकर्ती, अंगणवाडी सेविका यांच्या सह्या घ्याव्यात. अपघात झाला तर फिर्याद नोंदवावी आणि तिचा क्रमांक जपून ठेवावा. एका पावसाळ्याची अशी वही हातात असली की ‘अत्यंत गैरसोय होत आहे’ असे वेगळे लिहावे लागत नाही.

फाइलीत काय असावे

समजा, गावाला ओढ्यावर मोरी हवी आहे. नेहमीच्या निवेदनातले वाक्य असे असते: ‘सदर ओढ्यावर पूल नसल्याने ग्रामस्थांचे अतोनात हाल होत असून तातडीने पूल बांधावा.’ हे वाक्य खरेच असते, पण त्यावर शेरा काय मारायचा ते कारकुनाला कळत नाही. तेच असे लिहिता येते: ‘अमुक सर्व्हे क्रमांकालगतच्या ओढ्यावर मोरी नाही. पलीकडे ४२ घरे आणि प्राथमिक शाळेची २३ मुले आहेत. गेल्या पावसाळ्यात वाट १९ दिवस बंद होती, नोंदवहीची प्रत सोबत आहे. रस्ता जिल्हा पंचायतीच्या यादीत आहे. जागा सरकारी आहे. ग्रामसभेचा ठराव जोडला आहे. कनिष्ठ अभियंत्यांनी पाहणी करून अंदाजपत्रक करावे, ही विनंती.’ आकडे अर्थातच ज्या त्या गावाचे.

या दुसऱ्या मजकुरात अधिकाऱ्याला पुढची पायरी दिसते. अंदाजपत्रक म्हणजे सगळे ज्याला ‘एस्टिमेट’ म्हणतात ते. खात्याच्या चालू दरसूचीप्रमाणे अभियंता ते करतो. त्यावर तांत्रिक मंजुरी आणि प्रशासकीय मंजुरी होते. मग निविदा आणि शेवटी कामाचा आदेश. यातली कुठलीही पायरी गाळता येत नाही. बाहेरच्या ओळखीच्या इंजिनिअरकडून केलेले अंदाजपत्रक चर्चेला उपयोगी पडते, पण मंजुरीसाठी खात्याचेच लागते.

सर्वात जास्त कामे अडतात ती जागेवर. रस्त्यासाठी शेतकरी तोंडी ‘घ्या की’ म्हणतो, काम मंजूर होते, जेसीबी येतो आणि भाऊबंदांपैकी एक जण आडवा पडतो. तोपर्यंत मार्च संपतो आणि पैसा परत जातो. म्हणून जागा खासगी असेल तर सगळ्या हिस्सेदारांच्या सह्यांचे दानपत्र किंवा संमतीपत्र आधी करून नोंदवावे. गावनकाशावर जुनी वाट असेल तर भूमापन खात्याकडून तो उतारा काढावा. हे काम सरकार करून देणार नाही. ते गावालाच करावे लागते, आणि भाऊबंदकी बाजूला ठेवूनच करावे लागते.

शेवटचा मुद्दा देखभालीचा. दिवे लागले, त्यांचे बिल कोण भरणार? कठडा तुटला तर कोण बांधणार? ग्रामसभेच्या ठरावातच ‘देखभाल ग्रामपंचायत करील’ असे लिहिले तर प्रस्तावाला बळ येते.

जंगल आडवे आले तर

‘वनखाते परवानगी देत नाही’ हे वाक्य खानापूर तालुक्यात रोज ऐकू येते. पण २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) मध्ये गावच्या सुविधांसाठी एक सोय आहे. शाळा, दवाखाना, अंगणवाडी, वीज आणि दूरध्वनीच्या तारा, पिण्याच्या पाण्याची योजना, रस्ता, समाजमंदिर अशा १३ प्रकारच्या कामांसाठी प्रत्येकी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन देता येते. हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडे तुटता कामा नयेत आणि ग्रामसभेची शिफारस हवी. म्हणजे इथेही सुरुवात ग्रामसभेच्या ठरावापासूनच होते. अभयारण्याच्या हद्दीत मात्र वन्यजीव कायद्याची वेगळी मंजुरी लागते आणि तिथे गाडी अडू शकते. आपले काम हद्दीच्या आत आहे की बाहेर, हे नकाशावर पाहूनच अर्ज कुठे करायचा ते ठरवावे.

अर्ज कुठल्या भाषेत?

सीमाभागात हा प्रश्न टाळून चालत नाही. मराठीत दिलेला अर्ज ‘कन्नडमध्ये आणा’ म्हणून परत केल्याच्या तक्रारी नव्या नाहीत. घटनेचे कलम ३५० याबाबत स्पष्ट आहे. केंद्रात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत कोणाही व्यक्तीला केंद्राच्या किंवा राज्याच्या अधिकाऱ्याकडे आपले गाऱ्हाणे मांडता येते. शिवाय ज्या तालुक्यात किंवा नगरपालिका हद्दीत भाषिक अल्पसंख्याकांचे प्रमाण १५ ते २० टक्के किंवा अधिक आहे, तिथे महत्त्वाच्या सूचना आणि नियम त्यांच्या भाषेतही प्रसिद्ध व्हावेत, असे १९५६ पासूनच्या भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षणात म्हटले आहे. या संरक्षणावर लक्ष ठेवण्यासाठी कलम ३५० ब नुसार भाषिक अल्पसंख्याक आयुक्त असतात.

हा हक्क सोडण्याचे कारण नाही. पण कर्नाटकाची राजभाषा कन्नड आहे आणि फाइलीवरचे शेरे कन्नडमध्येच होणार आहेत. म्हणून अनुभवी कार्यकर्ते दोन प्रती करतात. मूळ अर्ज मराठीत, सोबत कन्नड भाषांतर, आणि दोन्हींवर एकच तारीख आणि त्याच सह्या. मराठी प्रतीमुळे आपला हक्क नोंदला जातो आणि कन्नड प्रतीमुळे टेबलावरच्या कारकुनाला निमित्त उरत नाही.

महाराष्ट्राने ८६५ गावांवर सांगितलेला हक्क आणि २००४ मध्ये दाखल केलेला दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. त्या लढ्याचे मोल सीमावासीयांना वेगळे सांगायला नको. पण ओढा आजच ओलांडायचा असतो. ज्या सरकारकडे आज घरपट्टी भरतो, त्या सरकारकडे साकव मागणे म्हणजे आपली बाजू सोडणे नव्हे.

कधी काय करायचे

पैशाचे वर्ष १ एप्रिलला सुरू होते आणि ३१ मार्चला संपते. मे महिन्यात मागितलेले काम त्या वर्षीच्या आराखड्यात सहसा नसतेच.

जून ते सप्टेंबर: नोंदवही, फोटो, पंचनामे. पुराचे नुकसान झाले तर पाणी ओसरताच तलाठ्याकडून पंचनामा करून घ्यावा.

ऑक्टोबर ते डिसेंबर: पुढच्या वर्षाचा ग्रामपंचायत विकास आराखडा. २०१८ पासून देशभर २ ऑक्टोबरच्या सुमारास ही मोहीम सुरू होते. वॉर्ड सभा आणि ग्रामसभेत काम सुचवायचे ते याच वेळी. ठराव प्रोसिडिंग बुकात नीट लिहिला गेला की नाही हे वाचूनच सही करावी आणि नक्कल मागून घ्यावी.

डिसेंबर: बेळगावच्या सुवर्ण विधानसौधमध्ये बहुधा हिवाळी अधिवेशन असते. एरवी बेंगळूरला जाऊन भेटावे लागणारे मंत्री आणि सचिव तेव्हा दहा-बारा किलोमीटरवर असतात. मोठ्या कामांचे प्रस्ताव तयार ठेवून याच दिवसांत भेट घ्यावी.

जानेवारी ते मार्च: राज्याचा अर्थसंकल्प. शिल्लक निधी मार्चअखेर खर्च करण्याची घाई असते, तेव्हा जागा आणि अंदाजपत्रक तयार असलेल्या कामाचा नंबर लागतो.

एप्रिल आणि मे: मंजूर काम पावसाआधी उरकते का, यावर लक्ष.

पाठपुरावा

अर्ज दिला की पोच घ्यावी. शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक असलेली प्रत म्हणजेच पोच. मग दर महिन्याला एकदा, त्याच क्रमांकाने, दोनच माणसांनी चौकशी करावी. दर वेळी नवे वीस जण गेले तर फाइल पुन्हा पहिल्यापासून समजावून सांगावी लागते. पंचायतीचा आराखडा आणि खर्च ‘ई-ग्रामस्वराज’ संकेतस्थळावर कुणालाही पाहता येतो. आपले काम त्यात दिसते का, की दुसऱ्याच नावाने खर्ची पडले, हे मोबाइलवर कळते. कर्नाटकात तक्रारीसाठी ‘जनस्पंदन’ची १९०२ ही हेल्पलाइन आहे. काम सुरू झाल्यावर फलकावरची रक्कम, लांबी आणि मुदत यांचा फोटो काढून ठेवावा. पुढे निकृष्ट कामाची तक्रार करायची वेळ आली तर तो लागतो.

इतर राज्यांतल्या वाचकांसाठी

मागणी एकच असली तरी दार राज्याप्रमाणे बदलते. अग्निशमन केंद्राचेच पाहा. कर्नाटक, गोवा आणि तेलंगणात हे राज्य सरकारचे खाते आहे, म्हणून मागणी राज्याकडे जाते. महाराष्ट्रात आणि वडोदऱ्यासारख्या शहरांत अग्निशमन दल महापालिका किंवा नगरपालिकेचे असते, तिथे नगरसेवक आणि पालिकेचे अंदाजपत्रक महत्त्वाचे. केंद्राने २०२३ मध्ये राज्यांच्या अग्निशमन सेवांच्या विस्तारासाठी ५ हजार कोटींची योजना आणली. तिचे प्रस्तावही राज्यांमार्फतच जातात.

गोव्यात ग्रामपंचायत आणि जिल्हा पंचायत अशा दोनच पायऱ्या आहेत, तालुका पंचायत नाही. चंदगड, गडहिंग्लज, दोडामार्गच्या वाचकांना जिल्हा नियोजन समिती आणि डोंगरी विकास कार्यक्रम ही दोन दारे आहेत. महाराष्ट्रात आमदार निधीही २०२२ पासून ५ कोटी आहे. इंदूर आणि ग्वाल्हेरमध्ये नगर निगमाच्या पार्षदाकडून सुरुवात करावी. काम रखडले तर सीएम हेल्पलाइन १८१. वडोदऱ्यात सोसायटीतले रस्ते आणि दिवे यांसाठी लोकवाट्याची जनभागीदारी योजना आहे. तक्रारींसाठी २००३ पासून ‘स्वागत’ कार्यक्रम चालतो. हैदराबाद आणि तेलंगणाच्या जिल्ह्यांत सोमवारच्या ‘प्रजावाणी’त जिल्हाधिकाऱ्यांसमोर अर्ज देता येतो.

सगळीकडे लागणारे कागद मात्र तेच राहतात: मालकाचे नाव, जागेचा उतारा, ठरावाची नक्कल, नोंदवही आणि पोच. हे पाच कागद एका प्लास्टिकच्या फाइलीत घालून ती पंचायतीतल्या एका जबाबदार माणसाकडे ठेवावी. सदस्य बदलतात, पीडीओंची बदली होते, आमदारही बदलतो. फाइल गावात राहिली तर पुढच्या माणसाला काम पहिल्यापासून सुरू करावे लागत नाही.